‘याचा नोकरीला काय उपयोग, सर?’ : हा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करू नका

गेल्या पावसाळ्यात आम्ही धुळे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या अर्जांची माहिती द्यायला गेलो होतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग होता. हजेरीपटावर ऐंशीच्या वर नावे आणि बाकांवर जेमतेम पंधरा जण. बाकीचे कुठे आहेत असे विचारले तर मुले हसली. काही जण पोलीस भरतीसाठी मैदानावर, काही जण गावातल्या अभ्यासिकेत, काही जण एमआयडीसीत पाळीवर. एकाने अहिराणीत सांगून टाकले, “सर, आठे बसीसन नोकरीले काय उपेग?”

प्राध्यापकांना राग आला. ते म्हणाले, “शिक्षण नोकरीसाठी नसतं, ज्ञानासाठी असतं.” मुलगा खाली बसला. पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा तो वर्गात नव्हता.

आम्ही जळगाव आणि धुळ्याच्या वस्त्यांमध्ये विद्यार्थ्यांसोबत काम करतो. महाडीबीटीचे अर्ज, वसतिगृहाचे प्रवेश, जात पडताळणीची कागदपत्रे, विहारातली अभ्यासिका असे आमचे काम. आमच्यातले बहुतेक जण कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या महाविद्यालयांतूनच शिकले आहेत. त्यामुळे त्या मुलाचा प्रश्न आमचाही होता. तो आम्हीही विचारला होता आणि आम्हालाही हेच उत्तर मिळाले होते.

आमचे म्हणणे सरळ आहे. करिअरचा विचार करणारा विद्यार्थी ही प्राध्यापकाची अडचण नाही. तो शिकायला तयार असल्याची खूण आहे. त्याच्या प्रश्नाला जो प्राध्यापक प्रामाणिक उत्तर देतो, त्याला त्या विद्यार्थ्याला बाकी सगळे शिकवता येते. जो त्या प्रश्नाची टिंगल करतो, त्याचा वर्ग क्लासवाले घेऊन जातात. ही गोष्ट प्राध्यापकांइतकीच आपल्या चळवळीलाही लागू आहे.

आधी आमची चूक

प्राध्यापकांना बोलण्याआधी आमच्याबद्दल सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विहारात जयंतीच्या तयारीची बैठक होती. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा तीन बैठकांना आला नव्हता. चौथ्या बैठकीला आला तेव्हा आम्ही त्याला सगळ्यांसमोर सुनावले. 18 मार्च 1956 रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती त्याला ऐकवली. तू पण त्यातलाच होणार, असे म्हणालो. तो काही बोलला नाही. त्यानंतर वर्षभर विहाराकडे फिरकला नाही. पुढे कळले की तो रात्री केळीच्या गाड्या भरायला जात होता, दुपारी परीक्षेचा अभ्यास करत होता आणि त्या पैशातून बहिणीची फी भरत होता.

आग्र्याची ती तक्रार कोणाबद्दल होती? नोकरी मिळवून, पगार घेऊन, समाजाकडे पाठ फिरवणाऱ्यांबद्दल. ज्याला अजून नोकरीच लागलेली नाही, ज्याच्या घरात पहिली पदवी अजून यायची आहे, त्याच्या पाठीवर ती चाबकासारखी मारायची नसते. आम्ही ती मारली. असे अनेक कार्यकर्ते आजही करतात.

बाबासाहेब कोणाला शिकवत होते?

आपण बाबासाहेबांना विद्यार्थी म्हणून खूप सांगतो. कोलंबिया, लंडन, अठरा तास अभ्यास. प्राध्यापक म्हणून फार कमी सांगतो. नोव्हेंबर 1918 ते मार्च 1920 या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्र शिकवत होते. हे वाणिज्य महाविद्यालय होते. तिथे येणारी मुले व्यापारात, पेढीत, कचेरीत जागा मिळवण्यासाठी शिकत होती. आजच्या भाषेत सांगायचे तर अगदी करिअरवाली मुले. हा अस्पृश्य माणूस आपल्याला काय शिकवणार, अशी सुरुवातीची भावना होती. प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी पिऊ नये म्हणून सहकाऱ्याने आक्षेप घेतला. तरी त्यांची तयारी आणि मांडणी अशी होती की पुढे दुसऱ्या महाविद्यालयांची मुले परवानगी काढून त्यांच्या तासाला बसू लागली. बाबासाहेबांनी त्या मुलांना तुम्ही पोटार्थी आहात म्हणून हिणवले नाही. त्यांना लागणारा विषय त्यांनी इतका खोल शिकवला की मुले विषयाकडे ओढली गेली. आणि स्वतः त्या पगारातून पैसे बाजूला टाकून 1920 मध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करायला ते लंडनला गेले. नोकरी ही पुढच्या शिक्षणाची शिडी कशी होते, हे त्यांच्याच आयुष्यात आहे.

आणखी एक गोष्ट. 1925 ते 1928 या काळात बाबासाहेब बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. ती हिशेबनिसाची परीक्षा देणाऱ्यांना तयार करणारी संस्था होती. म्हणजे ज्या 1927 साली महाडचा सत्याग्रह झाला, त्याच काळात बाबासाहेब एका धंदेशिक्षणाच्या वर्गात अर्धवेळ शिकवत होते. चवदार तळे आणि व्यापारी कायदा यांत त्यांना विरोध दिसला नाही. मग आपल्याला का दिसावा?

आपल्या खान्देशातलेच उदाहरण घ्या. दरवर्षी 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण हजारोंनी जातो. 1937 साली बाबासाहेब धुळ्याला आले ते कशासाठी? कोर्टातल्या खटल्यासाठी, वकील म्हणून. व्यवसायाच्या कामाला आलेला माणूस इथल्या समाजाला भेटला आणि त्या भेटीची आठवण आज तीन पिढ्या जपत आहेत. त्यांचा व्यवसाय आणि त्यांची चळवळ एकाच रस्त्याने धुळ्यात आली होती.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींसाठी काय मागितले? परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या आणि सरकारी नोकऱ्यांत वाटा. 1943 मध्ये केंद्रातल्या नोकऱ्यांत 8.33 टक्के जागा राखून घेतल्या. पुढे 1978 मध्ये कांशीराम यांनी बामसेफ उभी केली ती नोकरदारांच्या बळावर. आपल्या सभांचे मंडप, पुस्तके, प्रवासखर्च आजही पगारातून निघतात. नोकरीची इच्छा धरणाऱ्याला तुच्छ लेखणारी चळवळ आपल्याच मुळावर घाव घालते.

भुकेलेल्याला आधी जेवण

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. त्याला बुद्धाचा उपदेश ऐकायचा होता, पण त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो उपाशीपोटी, उशिरा आला. लोक ताटकळले होते. बुद्धांनी उपदेश सुरू केला नाही. आधी त्याला जेवायला घालायला सांगितले. तो जेवल्यावर, त्याचे चित्त शांत झाल्यावर धम्म सांगितला.

रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात मजुरी करणाऱ्या बाईचा मुलगा, ऊस तोडायला गुजरातेत जाणाऱ्या साक्रीकडच्या कुटुंबातली मुलगी वर्गात येते, तेव्हा तिचा बैल हरवलेला असतो. ‘याचा नोकरीला काय उपयोग’ हे तिचे भूक लागल्याचे सांगणे आहे.

समाजशास्त्रात आम्ही पिएर बोर्द्यूचा सांस्कृतिक भांडवलाचा सिद्धांत शिकलो. त्याचा अर्थ आम्हाला वस्तीत कळला. ज्याच्या घरात मामा इंजिनिअर, काकू बँकेत आणि शेजारी वकील आहे, त्याला करिअरचा सल्ला जेवणाच्या ताटावर मिळतो. त्याच्या प्राध्यापकाने ‘ज्ञानासाठी शिक्षण’ म्हटले तरी बिघडत नाही. आपल्या मुलांच्या ओळखीत शिक्षणाच्या जोरावर पगार घेणारा माणूस अनेकदा एकच असतो : समोर उभा असलेला प्राध्यापक. त्यानेही सांगितले नाही, तर तो विचारणार कोणाला? भिंतीवरच्या क्लासच्या जाहिरातीला.

त्या जाहिराती खरे सांगत नाहीत. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांची जाहिरात निघाली आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले. दोनशेहून जास्त उमेदवारांमागे एक जागा. राखीव प्रवर्गाला 900 रुपये फी. ज्या घरातून दोन भावंडांनी फॉर्म भरला, त्या घराची किती दिवसांची मजुरी गेली, हा हिशेब एकाही क्लासच्या फलकावर नसतो. तो वर्गात मांडणारा प्राध्यापक मुलांना खचवत नाही. तो त्यांना फसवणुकीतून वाचवतो.

मग प्राध्यापकांनी काय करावे?

आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. पण ज्या मोजक्या प्राध्यापकांच्या तासाला आमची मुले दांडी मारत नाहीत, त्यांचे बघून काही गोष्टी लक्षात आल्या.

एक, प्रश्नाचे उत्तर पहिल्याच तासाला द्यावे. या विषयातून कोणकोणत्या जागांवर जाता येते, त्याला पुढे काय शिकावे लागते, किती वर्षे लागतात आणि किती जणांना जागा मिळते, हे फळ्यावर लिहावे. ज्या कामाला हा विषय उपयोगी नाही, तेही सांगावे. एवढ्या प्रामाणिकपणानंतर मुले पुढचा तास ऐकतात.

दोन, अभ्यासक्रम गावाला जोडावा. राज्यशास्त्रात 73 वी घटनादुरुस्ती शिकवताना प्रत्येकाला आपापल्या ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेची विषयपत्रिका मिळवून आणायला सांगावी. ज्याने ती मागताना ग्रामसेवकाची टाळाटाळ पाहिली, तो पंचायत राज विसरत नाही. स्पर्धा परीक्षेतही तोच घटक असतो. चोपडा-यावलच्या आदिवासी पट्ट्यातली मुले वर्गात असतील तर 1996 चा पेसा कायदा त्यांच्याकडूनच वदवून घ्यावा. अर्थशास्त्रात बाजारभाव शिकवताना रावेरचा केळी उत्पादक बऱ्हाणपूरच्या भावाकडे डोळे लावून का बसतो, हे विचारावे. ज्याचे आईबाप त्या मळ्यात राबतात, तो त्या दिवशी वर्गातला जाणकार ठरतो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटते की आपल्या घरचे अनुभव म्हणजे ज्ञान आहे.

तीन, ओजेटी आणि फील्ड प्रोजेक्ट गांभीर्याने घ्यावेत. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक आहेत. या धोरणावर आमचे अनेक आक्षेप आहेत, ते वेगळ्या लेखात मांडू. पण जे दार उघडले आहे त्यातून कोण आत जाते ते बघा. अनेक ठिकाणी विद्यार्थ्याला पत्र देऊन ‘तुमची जागा तुम्ही शोधा’ असे सांगितले जाते. ज्याचे वडील व्यापारी त्याला सीएच्या कार्यालयात, बँकेत जागा मिळते. ज्याचे वडील हमाल तो झेरॉक्सच्या दुकानातून तयार फाइल विकत घेतो. दोघांना सारखेच श्रेयांक मिळतात, पण एकाच्या हाती ओळख आणि अनुभव येतो आणि दुसऱ्याच्या हाती फक्त फाइल. वर्गात जातीचे नाव कोणी घेतले नाही, तरी जातीने आपले काम केले. म्हणून जागा महाविद्यालयाने शोधाव्यात आणि वाटपाची यादी फलकावर लावावी. जळगावात डाळ मिल आहेत, पाइप आणि ठिबकचे कारखाने आहेत. भुसावळला रेल्वे आहे. दोन्ही जिल्ह्यांत रुग्णालये, सहकारी बँका, पंचायत समित्या आहेत. प्राचार्यांच्या सहीचे पत्र आणि प्राध्यापकाची एक फेरी, एवढ्याने काही दारे उघडतात.

चार, वस्तीतून पुढे गेलेले माजी विद्यार्थी वर्गात आणावेत. सत्कारासाठी मोठा अधिकारी नको. वरणगावच्या आयुध निर्माणीत कामाला असलेला दादा, सरकारी दवाखान्यातली परिचारिका ताई, दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा बँकेत लागलेला भाऊ आणावा. त्यांनी अपयश आणि त्या काळातला घरखर्च कसा भागवला, हे सांगावे.

पाच, मुलींशी वेगळे बोलावे लागते. आपल्या समाजातही अनेक मुलींना घरून मुदत मिळालेली असते : पदवीनंतर दोन वर्षांत काही झाले नाही तर लग्न. तिची करिअरची घाई या मुदतीमुळे आहे. अशा वेळी प्राध्यापिका मॅडमनी वडिलांना एकदा फोन करून ‘पोरगी हुशार आहे, एक वर्ष द्या’ असे म्हटले तरी काय फरक पडतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

सहा, वेळापत्रकाचा विचार करावा. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू करताना बाबासाहेबांच्या संस्थेने सकाळचे वर्ग ठेवले, कारण नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे. आज विद्यार्थी पाळीवर जातो म्हणून त्याला ‘अनियमित’ ठरवणाऱ्या महाविद्यालयांनी हे लक्षात घ्यावे. शिष्यवृत्ती हजेरीशी बांधलेली असते आणि हजेरी मजुरीमुळे बुडते. मजुरी करावी लागते, कारण शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही. हे चक्र वर्गशिक्षकाला माहीत असले पाहिजे.

प्राध्यापकांची बाजू

हे वाचून काही प्राध्यापक म्हणतील की हे सगळे करायला आम्हाला वेळ कुठे आहे? त्यांचे खरे आहे. आज अनेक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्ग ओढत आहेत. नेट-सेट झालेला, पीएच.डी. केलेला माणूस मोजक्या तासांच्या मानधनावर, तेही महिनोन्‌महिने थकलेले, काम करतो. त्यात आपली मुले मोठ्या संख्येने आहेत. विद्यार्थी त्याला रोज बघतो आणि मनात हिशेब करतो : एवढे शिकून सरांची ही गत, मग मी कशाला शिकू? कुठलेही प्रेरणादायी व्याख्यान या हिशेबापुढे टिकत नाही.

म्हणून रिक्त जागा पूर्णवेळ भरा, बिंदुनामावली पाळा आणि अनुशेष भरा, ही मागणी फक्त बेरोजगार नेट-सेटधारकांची नाही. ती विद्यार्थ्यांची मागणी आहे. ज्या दिवशी विद्यार्थी संघटना तासिका शिक्षकांच्या धरण्यावर जाऊन बसतील, त्या दिवशी शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातले अंतर कोणत्याही कार्यशाळेशिवाय कमी होईल. पण कायम पगार असलेल्यांनी या कारणामागे लपू नये. पहिल्या तासाला खरे उत्तर द्यायला वेगळे अनुदान लागत नाही.

आणि आपण?

काही कार्यकर्ते विचारतील, नोकरीचेच शिकवत बसलो तर माणूस कधी घडणार? उलट अनुभव आम्हाला आला आहे. ज्याला गरजेच्या वेळी समाजातल्या कोणी हात दिला, तो नोकरी लागल्यावर परत येतो. ज्याला गरजेच्या वेळी फक्त भाषण मिळाले, तो परत का येईल?

आमच्या त्या मुलाकडे आम्ही दीड वर्षाने घरी गेलो. चूक झाली, असे त्याच्या आईसमोर म्हणालो. तो म्हणाला, “भाऊ, तुम्ही आग्र्याचं सांगितलं ते मला पाठ होतं. तुम्ही फक्त एकदा विचारायचं होतं, रात्री कुठे असतो म्हणून.” आज तो एका पतसंस्थेत आहे. मोठी नोकरी नाही. पण दर रविवारी विहारातल्या अभ्यासिकेत गणित शिकवतो आणि नव्या मुलाला पहिला प्रश्न विचारतो, घरी कोण कमावतं?

या वर्षी प्रवेश सुरू झाल्यावर प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी आपल्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना तीन प्रश्न लेखी विचारावेत. ओजेटीच्या जागा कोणाला आणि कशा दिल्या? किती विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती अडकली आहे आणि का? पूर्णवेळ शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि त्यांतल्या राखीव किती? अनुदानित महाविद्यालयाने उत्तर दिले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. तो अर्ज लिहिण्याचे काम बी.ए.च्या मुलांना द्यावे. अर्ज कसा लिहायचा, कायदा कसा वाचायचा, कार्यालयात कसे बोलायचे हे ते त्यातून शिकतील. त्यांना नोकरीतही हेच लागणार आहे आणि चळवळीतही.

जय भीम!